नाण्यांवरील राजकुळे आणि आपले विश्वस्तपण

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखरूप सारांश)



मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. पेढीवर आयुष्य गेले आणि उरलेल्या वेळात जुन्या नाण्यांचा छंद जोपासला. विषय नाण्यांचा ठेवा, असे मला सुचविण्यात आले, तेव्हा मी थोडा संकोचलो. ज्या धर्माने अपरिग्रह हे व्रत सांगितले, त्याच्या व्यासपीठावरून संग्रहाविषयी काय बोलावे? परंतु विचार करता करता असे वाटले की, या विषयात आपल्या समाजासाठी एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. ती सांगण्यापूर्वी एक कबुली देतो.

वहीतील एक ओळ

१९५८ च्या सुमाराची गोष्ट असावी. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. जालन्याच्या सराफ्यात आमच्या आजोबांची पेढी होती. एके दिवशी दुपारी एक शेतकरी धोतराच्या सोग्यात बांधून काही जुनी नाणी घेऊन आला. नांगरताना मडके फुटले आणि त्यातून ही निघाली, असे तो म्हणाला. मी गादीवर बसून ती नाणी हातात घेऊन पाहिली. चांदीची, लहान, गोल, आणि प्रत्येकावर एक चेहरा. नाक ठसठशीत होते. एवढेच मला आठवते.

आजोबांनी कसोटी लावली, वजन केले, रोख रक्कम मोजून दिली. दोन दिवसांनी ती चांदी मुशीत गेली. यात आजोबांनी कोणतीही अप्रामाणिक गोष्ट केली नाही. भाव चोख दिला, माप चोख दिले. त्या काळी बहुतेक पेढ्यांवर हेच होत असे. पुढे पेढीची जुनी दप्तरे चाळताना महाजनी लिपीतील ती नोंद मला सापडली. तिचा अर्थ इतकाच : ‘जुनी चांदी, तोळे ४१, रोख.’ गावाचे नाव नाही, नाण्यांची संख्या नाही, चेहऱ्याचा उल्लेख नाही.

बंधूंनो, गेली चाळीस वर्षे ती ओळ माझ्या मनातून जात नाही. ती नाणी रोमन असती, तर ४१ तोळ्यांत सव्वाशेच्या आसपास भरली असती. पश्चिमी क्षत्रपांची असती, तर दोनशेच्या वर. पण ती कोणाची होती, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. चांदीचा हिशेब राहिला आणि इतिहासाचा हिशेब गेला. आजचे माझे सारे बोलणे त्या एका ओळीचे प्रायश्चित्त आहे, असे समजावे.

कल्पसूत्रातील दिनारमाळ

रोमन नाण्यांचे नाव काढले की, ‘ती परदेशाची वस्तू, तिचा आपल्याशी काय संबंध?’ असा प्रश्न येतो. संबंध फार जवळचा आहे. श्वेतांबर परंपरेत पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन होते. माता त्रिशलेच्या चौदा स्वप्नांचे वर्णन आपण सर्वांनी भक्तिभावाने ऐकलेले आहे. त्यातील चौथे स्वप्न श्रीदेवीचे, म्हणजे लक्ष्मीचे. त्या देवीच्या अलंकारांचे वर्णन करताना सूत्रकारांनी तिच्या वक्षावर दिनारांची माळ असल्याचे सांगितले आहे.

हा ‘दिनार’ शब्द मूळचा रोमन. रोमच्या चांदीच्या नाण्याचे नाव होते देनारियस. त्याचेच ग्रीक आणि मग भारतीय उच्चारात ‘दिनार’ झाले. जर्मन विद्वान हर्मन याकोबी यांनी १८८४ मध्ये कल्पसूत्राचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा या शब्दाकडे त्यांनी आवर्जून लक्ष वेधले होते. आपण दरवर्षी ज्याचे श्रवण करतो, त्या आगमवाणीत समुद्रापलीकडच्या नाण्याचे नाव असे सहज मिसळून गेले आहे. ‘अंगविज्जा’ हा प्राकृत ग्रंथ मुनी पुण्यविजयजी यांनी संपादित करून १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही काहावण, खत्तपक, सतेरक अशी नाण्यांची नावे आढळतात. खत्तपक म्हणजे क्षत्रपांचे नाणे आणि सतेरक म्हणजे ग्रीक ‘स्टेटर’, असे अभ्यासक मानतात. आपल्या मुनिजनांनी धनाचा त्याग केला होता, पण धनाच्या व्यवहाराची नोंद त्यांनी किती बारकाईने जपली, हे यावरून ध्यानात यावे.

आणि माळेचे म्हणाल, तर आपल्या घरांतील पुतळ्यांची माळ आठवा. पुढे मध्ययुगात व्हेनिस या इटालियन नगरीची सोन्याची नाणी आपल्याकडे आली. त्यांवर माणसांच्या आकृती असत, म्हणून लोक त्यांना ‘पुतळी’ म्हणू लागले आणि स्त्रिया ती गळ्यात घालू लागल्या. परदेशी नाण्यावरचा अनोळखी माणूस आपल्या लेकीसुनांच्या गळ्यात मंगल अलंकार होऊन बसला. दिनारमाळेची ही रीत किती जुनी आहे, पाहा.

दोन राजपुत्रांचे नाणे

आता मी सोबत आणलेले एक नाणे आपल्यासमोर ठेवतो. ते परवानाधारक विक्रेत्याकडून पावती घेऊन विकत घेतलेले आहे. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याचे हे चांदीचे नाणे. वजन सुमारे पावणेचार ग्रॅम. आपल्या जुन्या मापात सांगायचे, तर अशी तीन नाणी मिळून जवळपास एक तोळा भरतो.

दर्शनी बाजूला सम्राटाचे मस्तक आहे, त्यावर विजयमाला आहे. मागच्या बाजूला दोन तरुण उभे आहेत. दोघांच्या मध्ये ढाली आणि भाले आहेत, वर धर्मविधीची दोन उपकरणे आहेत. हे दोघे म्हणजे गायस आणि लुसियस. ऑगस्टसला मुलगा नव्हता. एकुलती कन्या ज्युलिया हिचे हे दोन पुत्र, म्हणजे सम्राटाचे नातू. इ. स. पूर्व १७ मध्ये त्याने दोघांना दत्तक घेतले आणि आपले वारस म्हणून जगासमोर ठेवले. वृत्तपत्रे नव्हती, छायाचित्रे नव्हती. आपला वारस कोण, हे दूरच्या प्रांतातील सैनिकाला आणि व्यापाऱ्याला कळविण्याचे साधन एकच होते, ते म्हणजे त्याच्या हातात पडणारे नाणे. इ. स. पूर्व २ नंतर हे नाणे फार मोठ्या संख्येने पाडले गेले.

परंतु कर्मगती कोणाला चुकली आहे? धाकटा लुसियस इ. स. २ मध्ये आजच्या फ्रान्समधील मार्सेय येथे वारला. थोरला गायस दोन वर्षांनी, इ. स. ४ मध्ये, आशिया मायनरमध्ये वारला. ज्यांच्यासाठी साम्राज्य राखून ठेवले, ते दोघेही आजोबांच्या डोळ्यांदेखत गेले. शेवटी राणी लिव्हिया हिचा पहिल्या विवाहापासूनचा मुलगा टायबेरियस याला ऑगस्टसने दत्तक घेतले आणि तोच पुढे सम्राट झाला. टायबेरियसच्या चांदीच्या नाण्यावर मागील बाजूस एक स्त्री आसनावर बसलेली दिसते. ती त्याची माता लिव्हिया असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

राजकुटुंबातील व्यक्ती नाण्यावर आणण्याची ही प्रथा पुढे वाढतच गेली. कॅलिग्युला या सम्राटाने आपल्या तीन बहिणी एकाच नाण्यावर दाखविल्या. सेप्टिमियस सेव्हेरस याने एका सोन्याच्या नाण्यावर मध्यभागी राणी ज्युलिया डोम्ना आणि तिच्या दोन बाजूंना दोन पुत्र, कॅराकॅला आणि गेटा, असे जणू कौटुंबिक छायाचित्रच काढले. पण बाप गेला आणि त्याच वर्षी, इ. स. २११ मध्ये, थोरल्याने धाकट्याचा खून करविला. एवढ्यावर समाधान झाले नाही. गेटाचे नाव आणि मुखही कोठे राहू नये, अशी आज्ञा निघाली. आशिया मायनरमधील काही शहरांच्या तांब्याच्या नाण्यांवर दोघे भाऊ समोरासमोर होते. त्यांतील गेटाचा चेहरा घासून काढलेला आजही दिसतो. कषाय माणसाला कोठपर्यंत नेतात, याचे याहून बोलके उदाहरण मी पाहिलेले नाही. संग्राहक अशी नाणी जमवितात, ती केवळ चांदीच्या लोभाने नव्हे. एका घराण्याची आशा, शोक आणि वैर हाताच्या तळव्यावर ठेवून पाहता येते, म्हणून.

ही नाणी भारतात कशी आली?

आपल्याकडून मिरी, मोती, मसाले, मौल्यवान खडे आणि तलम कापड रोमला जात असे. त्या बदल्यात सोने आणि चांदी येत असे. रोमन लेखक प्लिनी याने तक्रारच केली आहे की, भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स आपल्या साम्राज्यातून ओढून घेतो. चार सेस्टर्सचा एक दिनार, या हिशेबाने सव्वा कोटी दिनार होतात. आकड्यात अतिशयोक्ती असेलही, पण ओघ मोठा होता, यात शंका नाही.

त्याच शतकात एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची सागरी प्रवासाची मार्गदर्शिका लिहिली. भडोच बंदरात रोमन सोन्या-चांदीची नाणी स्थानिक चलनाशी बदलली असता काही नफा होतो, असे त्याने नमूद केले आहे. म्हणजे नाणेबदलाचा धंदा करणारे आपले पूर्वसूरी तेव्हाही तेथे बसले होते, असे म्हणण्यास हरकत नाही. भडोचहून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, असेही तो सांगतो. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तेरहून कापड गाड्यांनी भडोचला येत असे.

रोमन नाण्यांचे मोठे निधी मुख्यतः दक्षिणेत सापडले. गंमत अशी की, चांदीच्या निधींत सर्वांत जास्त आढळणारे प्रकार दोनच. एक, मी आता दाखविलेले गायस-लुसियसचे, आणि दुसरे, टायबेरियसच्या आसनस्थ स्त्रीचे. आपला मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानातील नलगोंडा भागात अक्कनपल्ली येथे दीड हजारांहून अधिक दिनारांचा निधी सापडला. त्यातही भरणा ऑगस्टस आणि टायबेरियस यांचाच. पुढे इ. स. ६४ मध्ये नीरो या सम्राटाने दिनाराचे वजन घटविले आणि चांदीतही भेसळ केली. आपल्याकडील व्यापारी जुन्या, चोख नाण्यांनाच पसंती देत राहिले, असे निधींवरून दिसते. सराफाची कसोटी सम्राटाच्या शिक्क्यापुढेही नमली नाही, ही अभिमानाची गोष्ट होय.

तमिळनाडूतील पुदुकोट्टई येथे १८९८ मध्ये ५०१ सोन्याची रोमन नाणी सापडली. त्यांतील बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या मुखावरच छिन्नीचा घाव घातलेला आहे. कोणी म्हणतात धातू तपासण्यासाठी, कोणी म्हणतात ते चलनातून बाद करण्यासाठी. रोममध्ये ज्या मुखाचा अवमान हा गुन्हा ठरे, ते मुख आपल्या देशात निव्वळ धातू ठरले. व्यवहाराच्या दृष्टीने ते योग्यही असेल. पण माझ्या आजोबांच्या मुशीची आठवण मला या घावांपाशी नेहमी होते.

दक्षिणेच्या तुलनेने आपल्या महाराष्ट्रात रोमन नाणी फार कमी मिळाली आहेत. मात्र तेर येथे मातीच्या लहान चकत्या सापडल्या आहेत. रोमन नाण्याचा छाप घेऊन त्या बनविल्या असून गळ्यात घालता याव्यात म्हणून त्यांना कडी किंवा छिद्र आहे. तेलंगणातील कोंडापूर येथेही अशा चकत्या मिळाल्या. ज्याला सोन्याची दिनारमाळ परवडत नव्हती, त्याने मातीची घातली, असेच म्हणावे लागेल.

आपल्या भूमीतील राजकुटुंबे

रोमप्रमाणे आपल्याकडे राजकुटुंबाच्या प्रतिमा होत्या का? होत्या. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे एक प्रचंड निधी सापडला. चांदीची १३,००० हून अधिक नाणी. ती सारी क्षहरात वंशाच्या नहपान या क्षत्रपाची. नाण्यावर राजाचे मस्तक आणि त्याचे नाव ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिप्यांत. रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासली, तेव्हा त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. नाव सर्वत्र नहपानाचेच, पण चेहरे एकसारखे नाहीत. कोठे तरुण, कोठे वृद्ध, कोणाचे नाक सरळ, कोणाचे बाकदार. हे चेहरे एकाच व्यक्तीचे नसून त्या कुळातील निरनिराळ्या पुरुषांचे असावेत, असा तर्क त्यांनी मांडला. तो सर्वांनी मान्य केला असे नाही. तथापि, हजारो नाणी एकत्र राहिली, म्हणूनच असा प्रश्न विचारता आला, हे आपण लक्षात घ्यावे.

याच निधीतील ९,००० हून अधिक नाण्यांवर दुसरा ठसा आहे. तो गौतमीपुत्र सातकर्णीचा. नहपानाचा पराभव केल्यावर त्याने शत्रूच्या नाण्यांवर आपले चैत्याचे चिन्ह आणि आपले नाव उमटविले. अनेक नाण्यांवर खालचा नहपान आणि वरचा सातकर्णी दोघेही अंधूक दिसतात. इतिहासातील एक मोठे सत्तांतर या पुराव्यावर निश्चित झाले. विचार करा, राजाने ती नाणी वितळवली असती, तर? किंवा १९०६ मध्ये ती सापडल्यावर थेट मुशीत गेली असती, तर?

सातवाहनांनी आपले कुटुंब दगडातही कोरले होते. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात भिंतीवर एका रांगेत प्रतिमा होत्या आणि प्रत्येकीच्या वर नाव होते : राजा सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा श्रीसातकर्णी, कुमार, महारठी. आज त्या प्रतिमांची केवळ पावले कशीबशी उरली आहेत. मुखे गेली, नावे राहिली. नावे राहिली म्हणून ते कोण होते, हे आपण दोन हजार वर्षांनी सांगू शकतो. याच सातवाहनांच्या पैठणात, श्वेतांबर परंपरेनुसार, राजाच्या विनंतीवरून कालकाचार्यांनी संवत्सरी पंचमीऐवजी चतुर्थीला केली. तेव्हा हे राजकुळ आपल्याला परके नाही.

भोकरदनची साक्ष

आता आपल्या जिल्ह्याकडे वळतो. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला, पण त्यातील केळणा नदीकाठचे भोकरदन हे दोन हजार वर्षांपूर्वीचे भोगवर्धन नगर होय. भारहूत आणि सांची येथील स्तूपांवरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचे उल्लेख आहेत. इतक्या दूर जाऊन दान देणारी सधन माणसे या गावात होती.

१९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि तेव्हाचे मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून तेथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. गुप्ते यांनी त्याचा अहवाल पुढील वर्षी प्रसिद्ध केला. सातवाहनकालीन नाणी, विविध खड्यांचे मणी, मृण्मूर्ती असे बरेच मिळाले. त्यातच हस्तिदंताची एक भग्न स्त्रीमूर्ती मिळाली, जिच्या दोन्ही बाजूंना लहान परिचारिका आहेत.

ही मूर्ती का महत्त्वाची? इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. १९३८ मध्ये तेथील एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. सुमारे पाव मीटर उंचीची, अलंकारांनी मढलेली, दोन बाजूंना दोन परिचारिका. पुष्कळ दिवस तिला लक्ष्मी म्हटले जाई. भोकरदनची आणि तेरची मूर्ती उजेडात आल्यावर असे दिसून आले की, पाँपेईच्या त्या मूर्तीशी यांचे निकटचे साम्य आहे. ती दख्खनमधूनच गेली असावी, असे मत डॉ. म. के. ढवळीकर यांच्यासारख्या विद्वानांनी मांडले. एकीकडून दिनार आले आणि आपल्या परिसरातील कारागिराच्या हातची वस्तू, बहुधा, तिकडे गेली.

येथेच माझ्या बोलण्याचा गाभा आहे. भोकरदनची ती मूर्ती भग्न आहे. बाजारात तिला फारशी किंमत आली नसती. तरीही ती पाँपेईच्या अखंड मूर्तीचे मूळ गाव सुचविते, कारण ती कोठे, कोणत्या थरात, कशाबरोबर मिळाली, हे लिहिलेले आहे. उलट माझे हे गायस-लुसियसचे नाणे अखंड आहे, सुंदर आहे, पण ते कोणत्या शेतातून, कोणत्या मडक्यातून आले, हे मला माहीत नाही. विकणाऱ्यालाही माहीत नव्हते. ते रोमविषयी पुष्कळ बोलते, आपल्या भूमीविषयी मात्र मुके आहे.

संग्राहकाने काय करावे?

आपल्यातील काही तरुणांना हा छंद लागला आहे, हे मी जाणतो. त्यांना अनुभवाच्या दोन-तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, मोहाची. सुरुवातीच्या काळात एका मोठ्या शहरात एकाने मला स्वस्तात ‘रोमन’ नाणे दिले. मी आनंदाने घरी आणले. भिंगाखाली कडेवर बारीक शीव दिसली. दोन साच्यांत ओतलेले ते बनावट नाणे होते. पाडलेल्या नाण्याची कड आणि ओतलेल्या नाण्याची कड यांत फरक असतो. पृष्ठभागावर बुडबुड्यांची बारीक छिद्रे असली, तर सावध व्हावे. वजन तर करावेच. सराफाच्या नातवाला हे कळले नाही, कारण त्या क्षणी हावेने डोळे झाकले होते.

दुसरी गोष्ट, कायद्याची. शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती खाजगीरीत्या परदेशी पाठविता येत नाही. जमिनीत निधी सापडला, तर तो परस्पर विकू नये. तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयास कळवावे. खरेदी केल्यास पावती घ्यावी आणि जपावी.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, नोंदीची. प्रत्येक नाण्यामागे एक पान असावे. वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे वर्णन, कोणाकडून घेतले, केव्हा घेतले आणि माहीत असल्यास कोठे सापडले. शंका असल्यास नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी विचारावे. तिच्या उभारणीत थोर नाणेतज्ज्ञ डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांचे मोलाचे योगदान आहे.

आदर्श दूर शोधायला नकोत. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावच्या पांढरीत मिळणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. पैठण येथे बाळासाहेब पाटील यांनी तेच केले. आज तेर आणि पैठण येथे त्यांच्या नावाची शासकीय वस्तुसंग्रहालये आहेत. या दोघांनी जगभरच्या दुर्मीळ वस्तूंमागे धाव घेतली नाही. आपल्या गावची वस्तू आपल्या गावात राखली आणि शेवटी समाजाच्या स्वाधीन केली. म्हणूनच तेरचे नाव आज जगातील अभ्यासकांच्या तोंडी आहे.

संग्रह, परिग्रह आणि विश्वस्तपण

शेवटी प्रारंभीच्या प्रश्नाकडे येतो. संग्रह हा परिग्रह आहे काय? आपल्या शास्त्रात मूर्च्छेला, म्हणजे आसक्तीला, परिग्रह म्हटले आहे. ‘हे माझे’ म्हणून तिजोरीत लपविले, तर तो परिग्रह होय. ‘हे माझ्याकडे ठेवायला दिले आहे’ असे समजून जपले, नोंदविले आणि योग्य वेळी योग्य हाती सोपविले, तर ते विश्वस्तपण होय. पन्नास वर्षे आपल्या संस्थेच्या विश्वस्तांनी समाजाच्या पैशाबाबत हेच केले. पै-पैचा हिशेब लिहिला आणि पुढच्या मंडळाच्या हाती दिला. तोच नियम आपण जुन्या वस्तूंना लावावा, एवढेच माझे मागणे आहे.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचा व्यवसाय सोने-चांदीचा, आडतीचा, सावकारीचा. जुने धातू, जुनी भांडी, जुन्या वह्या आपल्या हातून जात आल्या आहेत. म्हणून इतरांपेक्षा आपली जबाबदारी अधिक. मुशीत टाकण्यापूर्वी एकदा थांबावे. चेहरा, अक्षर, चिन्ह दिसले, तर आणणाऱ्याला गाव विचारावे, कायद्याचा मार्ग त्याला समजावून सांगावा आणि जाणकारांना दाखवावे. यात पुण्य आहे की नाही, हे साधू-साध्वीजी सांगतील. पण न केल्यास काय गमावते, हे मी सांगू शकतो.

या स्मरणिकेसाठी कार्यकर्त्यांनी संस्थेची जुनी छायाचित्रे जमविली. त्यातील पायाभरणीच्या प्रसंगाचे एक छायाचित्र मला दाखविण्यात आले. पहिल्या रांगेतील सर्वांची नावे लगेच निघाली. मागच्या रांगेतील पाच जणांची नावे कोणालाही सांगता आली नाहीत. फेटा आहे, चेहरा स्पष्ट आहे, डोळ्यांत समाधान आहे. नाव नाही. नाणेघाटात मुखे गेली आणि नावे राहिली. आपल्याकडे अवघ्या पन्नास वर्षांत मुखे राहिली आणि नावे गेली.

म्हणून दोन विनंत्या करून थांबतो. एक, संस्थेच्या कार्यालयात एक नोंदवही ठेवावी. आपल्या घरी असलेल्या जुन्या हस्तलिखितांची, वह्यांची आणि नाण्यांची माहिती ज्याने त्याने तीत लिहावी. वस्तू ज्याची त्याच्याकडेच राहील, नोंद सर्वांची होईल. माझ्याकडील नाण्यांची पाने मी पहिली म्हणून आजच देत आहे. त्यांत पहिल्या पानावर एकही नाणे नाही. तेथे मी आजोबांच्या वहीतील ती ओळ उतरविली असून तिच्यापुढे मला आठवते तेवढे लिहिले आहे : ‘नाण्यांवर चेहरा होता. नाक ठसठशीत होते. गाव विचारले नाही.’

दुसरी विनंती, घरी गेल्यावर भिंतीवरच्या तसबिरीमागे आणि जुन्या छायाचित्रांमागे नावे लिहून ठेवा. ज्यांना ती नावे ठाऊक आहेत, ते वडीलधारे आज आपल्यात आहेत. त्यांना आजच विचारा. आणि मागच्या रांगेतील त्या पाच जणांपैकी कोणी आपले आजोबा, काका असतील, तर कृपया कार्यकर्त्यांना भेटावे.

माझ्या बोलण्यात काही न्यून, अधिक अथवा आगमविरुद्ध आले असेल, तर मन, वचन, कायेने मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.